पहिला जॉब कोण पास करणार?

ताई,
मी भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवतो. नऊ मशीन, दोन पाळ्या, सत्तावीस माणसं. आधी चौदा वर्षं मी इथेच सेटर होतो, म्हणजे कामासाठी मशीन लावून देणारा. दोन वर्षांपूर्वी बोअर, म्हणजे भागातलं भोक, मोठा झाल्यामुळे चारशे नगांचा आख्खा लॉट परत आला. तेव्हापासून प्रत्येक मशीनचा पहिला जॉब, म्हणजे मशीन लावल्यावर निघालेला पहिला नग, मीच मापतो आणि पास करतो. दर तासाला ग्रुपवर फोटो मागवतो. मावशीच्या तेराव्याला गावी गेलो, तर दिवसभरात एकतीस फोन. मालक म्हणतात, तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही. पण मागच्या महिन्यात माझा सगळ्यात चांगला सेटर सोडून गेला, तेही तेवढ्याच पगारावर. जाताना म्हणाला, “तिकडे मला मापू देतात.” माणसं जबाबदारी घेतच नाहीत. काय करू?
– एक वाचक, पुणे

दादा,
पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की माणसं जबाबदारी घेत नाहीत, आणि त्याच्या दोनच ओळी वर एक माणूस जबाबदारी मिळावी म्हणून नोकरी सोडून गेलाय. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिताना तुमचा हात अडला नाही का?

चारशे नग परत आल्यावर झोप उडते, हे मला कळतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. पण तुम्ही सत्तावीस जणांच्या भांड्यातलं ताक फुंकताय.

माझीच गोष्ट सांगते. मी बँकेत एकतीस वर्षं काढली. नवी नवी ऑफिसर झाले होते, नोटा मोजायची मशीन तेव्हा सगळीकडे आलेली नव्हती. एका संध्याकाळी कॅश पाचशे रुपयांनी कमी भरली. दुसऱ्या दिवसापासून मी कॅशियरनं बांधलेलं प्रत्येक पाकीट सोडून स्वतः मोजायला लागले. ओल्या स्पंजवर बोट टेकवत रोज सात वाजायचे. महिनाभरानं पाकिटांत चुका कमी व्हायच्या, त्या वाढल्या. कुठे नव्व्याण्णव, कुठे एकशे एक. चिठ्ठीवर कॅशियरची सही असायचीच. चिडून विचारलं, तर अगदी सरळपणे म्हणाला, “मॅडम, तुम्ही परत मोजताच की.” तो कामचुकार नव्हता. मोजणं हे आता माझं काम झालं, एवढंच त्यानं ओळखलं होतं.

तुमचे ऑपरेटर तेच करताहेत. साहेब मापणार आहेत, तर आपण मायक्रोमीटर कशाला हातात घ्या? शिवाय पहिला जॉब निघाला आणि तुम्ही फोनवर असलात, की मशीन उभं. तो वेळ एक आठवडा नुसता वहीत टिपून ठेवा. मालकांचं ते पान हलत नाही हे कौतुक नव्हे, तक्रार आहे. त्यांच्याही ते लक्षात आलेलं दिसत नाही.

“ताई, तुम्हाला आमची माणसं माहीत नाहीत,” असं तुम्ही म्हणाल. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी, कामावर दारू, युनियनशी रोजची भांडणं, सगळी बदनामी त्याच्या नावावर. 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटानं भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला आणि कामगार घेतले ते बहुतेक जुनेच. त्यांच्यातल्या काही शे जणांना शिकायला जपानला पाठवलं. काही बिघडलं तर दोरी ओढून लाईन थांबवायचा अधिकार साध्या कामगाराला दिला. दोरी ओढली की टीम लीडर धावत मदतीला यायचा, कान उपटायला नाही. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या निघायला लागल्या. माणसं तीच होती.

आता तुमच्या शॉपफ्लोअरकडे येऊ. त्यातलं मला काही कळत नाही, म्हणून चिंचवडच्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “आत्या, विश्वास वगैरे राहू दे, आकडा ठरवायला सांग.” पटलं, कारण बँकेतही तेच असतं. अमुक रकमेपर्यंत काउंटरवरचा माणूस स्वतः पैसे देतो, त्याच्यावर ऑफिसरची सही लागते. तो माणूस ऑफिसरला आवडतो की नाही, हे कोणी विचारत नाही. तुम्हीही तसंच करा. टूल झिजलं तर ऑपरेटरनं 20 मायक्रॉनपर्यंत (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली टूलची दुरुस्ती, स्वतः बदलावा आणि शीटवर लिहावं. त्यापुढे गेलं तर सेटरला हाक. सेटरलाही उलगडलं नाही, तर तुम्हाला. आकडा किती ठेवायचा हे ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, बघून तुम्हीच ठरवा, पण ठरवताना सेटरना सोबत बसवा. पहिला जॉब सेटर मापेल, मापं लिहील, सही करेल. ज्या बोअरनं तुम्हाला रडवलं, तेवढा एक गो-नो गो गेजनं (एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये) क्वालिटीवाला वेगळा बघेल. तुम्ही दिवसातून दोनदा कुठल्याही मशीनवर जा, कुठल्या ते आधी सांगू नका. तासाचे फोटो मात्र बंद. सत्तावीस जणांनी पाठवलेले ते फोटो तुम्ही तरी नीट बघता का, खरं सांगा.

सगळी नऊ मशीन एकदम सोडू नका. जिथला माणूस मुरलेला आहे, तिथून सुरुवात करा. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या पोराला मोकळं सोडणं याला विश्वास म्हणत नाहीत, त्याला वाऱ्यावर सोडणं म्हणतात. आणि सेफ्टीचं स्विच दाबून ठेवून उघड्या दारानं मशीन चालवणारा दिसला, तर तिथं कसलीही मर्यादा-बिर्यादा नाही, तिथल्या तिथं मशीन बंद करा.

चूक होणार. पहिल्या पंधरा दिवसांतच होईल, आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघतील. “कोणी केलं?” असं विचारलंत, तर त्या संध्याकाळपासून शीटवर फक्त बरोबर मापं दिसतील, खरी नाही. “शेवटचा चांगला नग कितवा होता?” असं विचारा. त्यातून कुठपासून बिघडलं ते कळतं, आणि उत्तर देणाऱ्याची मानही खाली जात नाही.

तुमच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. तुम्ही चौदा वर्षं सेटर होतात, आणि मला वाटतं चांगले होतात. माप लागल्यावर जो आनंद होतो, तो फायली सांभाळताना मिळत नाही. तुमचा हात मायक्रोमीटरकडे जातो तो नुसत्या भीतीनं नाही, आवडीनंही जातो. मग नवीन जॉबचं फिक्स्चर, म्हणजे तो धरून ठेवणारी पकड, बसवताना सेटरबरोबर उभे राहा, शिकाऊ पोरांना शिकवा. हौस तिथे भागवा, दुसऱ्याच्या पहिल्या जॉबवर नको.

आणि त्या गेलेल्या सेटरला फोन करा. परत ये म्हणू नका, त्याला अवघडल्यासारखं होईल. चहाला बोलवा आणि इथे मापायला मिळत नव्हतं तेव्हा कसं वाटायचं ते विचारा. तो बोलत असताना मध्ये बोलू नका. तुम्हाला जड जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

– ताई