इंदूरमध्ये नेहमीच्या शाळेतल्या ऑटिझम विभागात मुलाला प्रवेश कसा मिळतो? शाळा बघताना काय बघावं?

ताई, तुमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय आणि रिसोर्स रूम (म्हणजे ऑटिझम विभाग, विशेष शिक्षक मुलांना वेगळं शिकवतात ती खोली) असलेल्या नेहमीच्याच शाळेत त्याला घालायचंय, असं तुम्ही लिहिलंय. माझा मुलगा इथे इंदूरला अशाच शाळेत चौथीत आहे, त्या अनुभवावरून सांगते.

इथे प्रवेश दोन असतात. एक शाळेतला, दुसरा रिसोर्स रूममधला. शाळेतला प्रवेश त्याचा हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपण निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. रिसोर्स रूम मात्र शाळेने स्वतः केलेली सोय असते. तिथे किती मुलं घ्यायची, जादा फी किती, हे शाळाच ठरवते. घोळ होतो तो इथेच. मूल रिसोर्स रूममध्ये बसतं, फी भरली जाते, पण पहिलीच्या हजेरीपटावर त्याचं नावच नसतं. म्हणून फीचा आकडा विचारण्याआधी विचारा: याचं नाव कुठल्या तुकडीत असेल आणि वर्गशिक्षिका कोण?

कागदांचं काम आजच सुरू करा. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी मेडिकल बोर्डापुढे तपासणी. तिथे ‘इसा’ (ISAA) ही ऑटिझम किती आहे ते मोजणारी ४० मुद्द्यांची मापनपट्टी भरतात. मूल कुणाकडे बघतं का, हाक मारल्यावर वळतं का, असं बरंच विचारतात; घरी कसा वागतो ते आधी लिहून न्या, बोर्डापुढे ऐन वेळी आठवत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर दिव्यांग मुलंही बसतात, त्यामुळे खासगी शाळेसाठीही तो अर्ज भरा. त्याला समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक, लागतो. प्रवेश सोडतीने होतो आणि अल्पसंख्याक शाळा त्यात येत नाहीत.

शाळा ‘ऑब्झर्वेशन’ला बोलावेल. त्याला घाबरू नका, पण त्यातून काय निघतं ते बघा. ‘याला घेऊ’ किंवा ‘घेणार नाही’ एवढंच निघत असेल, तर ती प्रवेशाची चाळणी झाली, आणि आरटीईच्या १३ व्या कलमाने ती बंद आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. ‘याला घंटेचा त्रास होतो, पुढच्या बाकावर बसवू, लिहायला जाड पेन्सिल देऊ’ असं काही निघत असेल, तर ती माणसं कामाची आहेत.

शाळा चालू असताना जा, मधल्या सुट्टीच्या जरा आधी. आम्ही गेलो तेव्हा भिंतीवर वेल्क्रोने चित्रं चिकटवलेली होती: प्रार्थना, वही, डबा, मैदान. एका मुलीने वहीचं चित्र काढून खालच्या खिशात टाकलं, डब्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि डबा घेऊन तिसरीच्या वर्गात निघाली. बाई दारापर्यंतच गेल्या. तिथल्या दोन मुलींनी सरकून तिला जागा करून दिली. तेवढ्यावर मी शाळा ठरवली. दुसऱ्या एका शाळेतला थेरपीचा हॉल फार सुंदर होता, झोपाळे, बॉल पूल, सगळं. पण मुलं दिवसभर त्याच हॉलमध्ये.

स्पेशल एज्युकेटरची (विशेष शिक्षकाची) आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निकालात प्राथमिकसाठी दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण आलं आहे, तेव्हा त्यांच्याकडे एकामागे किती मुलं, तेही विचारा. शॅडो टीचर (वर्गात फक्त याच्याजवळ बसणारी मदतनीस) तुमच्या खर्चाने आणा म्हणाले, तर ती कधी कमी करणार, हे आयईपीमध्ये, म्हणजे त्याच्यासाठी केलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, लिहून घ्या. वर्षानुवर्षं शॅडो राहिली की वर्गातली मुलं याच्याशी न बोलता तिच्याशीच बोलतात. त्याच आयईपीत आठवड्याला किती तास तो मूळ वर्गात बसणार, कुठल्या विषयाला, आणि तीन महिन्यांनी आढावा कोण घेणार, हेही असू द्या. तोंडी आश्वासनावर फी भरू नका.

आणि हो, शाळेत हिंदी-इंग्रजी आहे म्हणून घरातली मराठी बंद करा, असा सल्ला कुणी देईल. आम्हालाही मिळाला होता. ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजी-आजोबा मराठी बोलणार आणि नातवाला ती कळणार नाही, तर घरात त्याच्याशी बोलायचं कुणी?

नकार आला, तर तो लेखी मागा. बऱ्याचदा लेखी मागितल्यावरच बोलणं पुन्हा सुरू होतं. नाही झालं, तर जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, पोच घ्या, आणि पुढे भोपाळला राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करा. ‘घरूनच शिकवा’ असं शाळेने सुचवलं, तर सांगा की तो पर्याय कायद्याने तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना दिला आहे आणि तो निवडायचा की नाही, हे शाळा ठरवत नाही. इथलं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा शाळा बघायला दिवाळीनंतर लगेच निघा.