दहा मिनिटांत तबला कसा ऐकवायचा?

नाशिकहून एका आईचं पत्र आलंय. लेक बारावी विज्ञानला आहे, आठ वर्षं तबला शिकते, विशारद प्रथम झाली आहे. अमेरिकेत कम्प्युटर सायन्ससाठी अर्ज करायचाय. यादीत एमआयटी, येल, प्रिन्स्टन आहेत. अर्जासोबत संगीताचा पोर्टफोलिओ पाठवता येतो असं कळल्यावर त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचं का? सगळी प्रमाणपत्रं जोडायची का? आणि गुरुजींना इंग्रजी येत नाही, मग शिफारसपत्राचं काय?

नमस्कार ताई,

संगीताचीच पदवी घ्यायची असती तर गोष्ट वेगळी होती. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयासारख्या ठिकाणी ऑडिशन आणि मुलाखत होते. अमेरिकेतल्या बऱ्याच संगीत संस्था आधी रेकॉर्डिंग मागवून चाळणी लावतात आणि त्यांची मुदत साधारण 1 डिसेंबरला संपते. ब्रिटनमध्ये तर संगीत संस्थांसाठी यूकास कॉन्झर्वेटॉयर्स असा वेगळाच अर्ज असतो, तोही ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तुमच्या लेकीला यातलं काही लागणार नाही. तिच्यासाठी पोर्टफोलिओ ऐच्छिक आहे. रेकॉर्डिंग संगीत विभागातले जाणकार ऐकतात आणि आपलं मत प्रवेश कार्यालयाला कळवतात; निर्णय कार्यालयाचा. गणितात कमी पडलेलं तबला भरून काढत नाही. पण आठ वर्षांचा रियाज असलेल्या मुलीने तो न पाठवणं मला पटत नाही. जरूर पाठवा.

प्रमाणपत्रांचं लगेच सांगतो. आपल्याकडे शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून प्रमाणपत्रांची फाइल जपायची सवय लागते. तिकडे त्याचे गुण नाहीत. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद प्रथम परीक्षा कोणत्या वर्षी दिली, एवढी एक ओळ संगीताच्या माहितीपत्रात पुरे.

आता वाजवण्याकडे येऊ, कारण खरं काम तिथेच आहे. वेळेची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते, ती यंदाच्या सूचनांत बघा. आपण दहा मिनिटं धरू. ऐकणारा पियानो किंवा व्हायोलिन शिकवणारा असू शकतो आणि तो पूर्ण ऐकेलच असं नाही. म्हणून बरेच जण सुरुवातीलाच रेला, म्हणजे द्रुत लयीत अखंड धावणारे बोल, ठेवतात, वेगाने भारावून टाकायला. मला हे चूक वाटतं. तबला न कळणाऱ्यालाही नाद आणि लयीचा तोल कळतो, आणि तो पेशकारातच, म्हणजे सुरुवातीच्या संथ, विलंबित लयीतल्या वादनातच, उघडा पडतो. सोळा मात्रांचा तीनताल घ्या. तीन मिनिटं पेशकार, मग एकच कायदा (ठरावीक बोलांची रचना) नीट पलट्यांसह, म्हणजे तेच बोल फिरवून, थोडा रेला आणि शेवटी एक चक्रदार, म्हणजे तीनदा वाजून समेवर, पहिल्या मात्रेवर, येणारी रचना. चक्रदार आधी हाताने ताल देत पढंत करून म्हणायला सांगा आणि मगच वाजवू द्या. तोंडी म्हटलेले बोल जसेच्या तसे बोटांतून आले की सोळा मात्रांचा हिशेब परक्या कानालाही लागतो, सम कुठे आली ते कळतं. हे दुसरं कुठलंही स्पष्टीकरण करू शकणार नाही. सोबतच्या वर्णनात कितव्या मिनिटाला काय सुरू होतं ते लिहा.

स्टुडिओची गरज नाही. एका विद्यार्थ्याने पूर्वी मला फोनवरचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. फोन आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करत होता. दायाँचा (उजव्या हाताच्या तबल्याचा) 'ना' खणखणीत, पण बायाँचा (डाव्या हाताच्या डग्ग्याचा) घुमारा आणि मींड, म्हणजे सरकता नाद, जवळजवळ गायब. मुलाचा डावा हात उत्तम होता आणि तो कोणाला ऐकूच येणार नव्हता! त्यामुळे चित्रण फोनवर चालेल, आवाजासाठी मात्र वेगळा रेकॉर्डर मिळवा आणि पातळी हाताने लावा. सतरंजी, पडदे असलेली खोली निवडा. पंखा बंद. दोन्ही हात आणि चेहरा दिसेल असा कॅमेरा ठेवा. लेहऱ्याला (तालाचं आवर्तन दाखवणाऱ्या सुरावटीला) अ‍ॅपपेक्षा हार्मोनियमवर माणूस बसलेला बरा, म्हणजे लयीचं खरं देणं-घेणं दिसतं; त्यांचं नावही द्या. आवाजात कृत्रिम घुमाव घालू नका, तुकडे जोडू नका. गणपतीतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आजी-आजोबांना पाठवा, विद्यापीठाला नको.

गुरुजींनी मराठीतच लिहावं. ‘अत्यंत गुणी, होतकरू’ असली विशेषणं नकोत. ती किती वर्षं येते, कुठल्या कायद्यावर अडली, तो हातात बसायला किती महिने लागले, कोणाला साथ करते, हे त्यांच्या शब्दांत येऊ द्या. इंग्रजी भाषांतर कॉलेजमधल्या शिक्षकांकडून करून घ्या, तुम्ही स्वतः करू नका. भाषांतरकाराचं नाव घालून मूळ पत्रही सोबत जोडा. काही ठिकाणी शिफारस करणाऱ्याच्याच ईमेलवर दुवा येतो. गुरुजींचा ईमेल नसेल तर आत्ताच उघडून द्या.

तारखांकडे लक्ष असू द्या. एमआयटीचा अर्ज अनेक विद्यापीठांसाठी एकच असलेल्या कॉमन अ‍ॅपवर नसतो, त्यांच्याच संकेतस्थळावर भरावा लागतो. तिन्ही ठिकाणी लवकरच्या फेरीची मुदत 1 नोव्हेंबर आहे, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. पोर्टफोलिओची तारीख अर्जाच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते. बारावीच्या सराव परीक्षा सुरू व्हायच्या आत, शक्यतो सप्टेंबरमध्ये रेकॉर्डिंग उरका. एका दिवशी सलग तीनदा वाजवून घ्या, आणि त्यातलं कोणतं पाठवायचं हे ना तुम्ही ठरवा, ना मी. तिन्ही रेकॉर्डिंग्ज गुरुजींना ऐकवा.