लेझर डायोडमधला केऑस कंट्रोल करून नॉइज कमी करता येईल का?

तुमच्या डायोडचा नॉइज करंट वाढवला की वाढतोय, तो केऑस (नियमांतूनच उपजलेली बेशिस्त हालचाल) समजून त्यावर पिरागसची डिलेड फीडबॅक पद्धत (आत्ताचा सिग्नल आणि त्याचाच थोड्या वेळापूर्वीचा सिग्नल यांतला फरक परत देणं) लावू का असं विचारताय. नका लावू. आधी डिटेक्टर १० सेंटिमीटर सरकवून बघा.

पोळलोय म्हणून सांगतोय. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला माझ्याकडे असाच डायोड होता. स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती नॉइज ते दाखवणारं यंत्र) दर ३७५ मेगाहर्ट्झला एक टेकाड, आणि तळाची रेघ पार वर उचललेली. सर म्हणाले, "ग्राउंडिंग बघ." महिनाभर केबली बदलल्या, ड्रायव्हर बॅटरीवर चालवला, ट्यूबलाइट बंद करून अंधारात बसलो. टेकाडं ढिम्म हलली नाहीत. शेवटी वैतागून फूटपट्टी लावली. लेझरपासून डिटेक्टर ४० सेंटिमीटर, प्रकाशाला जाऊन-येऊन ८०. प्रकाशाच्या वेगाला त्याने भागा, बरोबर ३७५ मेगाहर्ट्झ येतात. डिटेक्टर ३० वर आणला, टेकाडं ५०० वर गेली. पॉवर सप्लायचा नॉइज कधी फूटपट्टी बघून सरकतो का? डिटेक्टरच्या काचेवरून प्रकाश परावर्तित होऊन लेझरमध्ये परत जात होता; काच जराशी तिरकी केली आणि सगळं साफ. सर म्हणाले, "योगायोग," आणि नवा ड्रायव्हर मागवला.

परत आलेला दहा हजारावा हिस्सा प्रकाशसुद्धा डायोडला बिथरवायला, केऑसमध्ये ढकलायला पुरतो. लेन्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी १९८५ सालीच दाखवलंय की अशा परावर्तनाने लेझरची काही मेगाहर्ट्झची वर्णरेषा कित्येक गिगाहर्ट्झ रुंद होते. तेव्हा आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, आणि फायबर असेल तर टोक ८ अंश तिरकं असलेला हिरवा एपीसी कनेक्टर.

पिरागसची १९९२ ची युक्ती झकासच आहे, पण त्यात डिले झोक्याच्या पिरियडशी जुळवावा लागतो. डायोडचे झोके गिगाहर्ट्झमधले, आणि एक मीटर केबलच ५ नॅनोसेकंद खाते. इलेक्ट्रॉनिक्स पोचेपर्यंत खेळ संपलेला असतो. राजर्षी रॉय यांच्या गटाने त्याच वर्षी लेझरचा केऑस काबूत आणला खरा, पण तो एनडी-याग (स्फटिकाचा लेझर, डायोड नव्हे) होता, मायक्रोसेकंदांच्या चालीचा. डायोडवर करायचंच तर फीडबॅक प्रकाशाचाच द्या.

हां, केऑस हाच तुमचा थीसिसचा विषय असेल तर आयसोलेटर लावून विषयच संपेल. आणि स्पाँटेनिअस एमिशनचा (डायोडमधून आपोआप, अनियमितपणे निघणाऱ्या प्रकाशाचा) मूळ नॉइज काच तिरकी करून जात नाही.

डिटेक्टर सरकवण्याआधी आणि नंतर स्क्रीनचा फोटो तेवढा काढून ठेवा, तारखेसकट. मी काढला नव्हता.