वाचकांचे प्रश्न : ट्रॅकसाठी हॅचबॅक, आधी ब्रेक आणि मग इंजिन

प्रश्न : मेहुण्याकडून २०१२ सालची पेट्रोल स्विफ्ट घेतली आहे. वर्षातून एक-दोनदा ती कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेसाठी (फी भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसासाठी) न्यायचा विचार आहे. हाताशी दीड लाख रुपये आहेत. ओळखीच्या गॅरेजमध्ये एअर फिल्टर, सायलेन्सर आणि ईसीयू रिमॅपपासून (इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलण्यापासून) सुरुवात करायला सांगतात. तसे करावे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गाडी चांगली निवडली आहे. ११९७ सीसीचे इंजिन, हजार किलोच्या आतले वजन आणि तालुक्याच्या ठिकाणीही मिळणारे सुटे भाग, एवढे नवशिक्याला पुरेसे आहे. गॅरेजने सुचवलेला क्रम मात्र मला मान्य नाही. या इंजिनाला टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नाही, त्यामुळे फिल्टर, सायलेन्सर आणि रिमॅप या तिन्हींवर खर्च करूनही हाती लागते ती चार-सहा अश्वशक्ती आणि बराचसा आवाज. टर्बो असलेल्या गाडीत रिमॅपने खरोखर मोठा फरक पडतो, कारण तिथे हवेचा दाब वाढवता येतो. आपल्या गाडीत ती सोय नाही.

गाडी चिपळूणची आहे म्हणून पहिला प्रश्न असा, की २२ जुलै २०२१ रोजी ती कुठे उभी होती? वाशिष्ठीच्या त्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या आणि वरून पाहता त्यांत काही कळत नाही. पुढची सीट काढून सीटच्या रुळांवरचा गंज पाहा, गालिचा उचलून पत्र्याच्या खोबणीत वाळलेला गाळ आहे का ते तपासा आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे सॉकेट उघडून आतल्या पिना हिरवट पडल्या आहेत का ते बघा. या खुणा आढळल्या तर ती गाडी गावात फिरवायला ठेवा, ट्रॅकवर नेऊ नका.

गाडी निर्दोष निघाली तर पहिला खर्च ब्रेकवर करा. हजार किलोची गाडी ताशी १३० किलोमीटरवरून ६० वर आणताना सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. दीड लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. करी स्पीडवेची फेरी जेमतेम २.१ किलोमीटरची असल्यामुळे असे ब्रेक दर मिनिटाला अनेकदा लागतात आणि डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. त्यातच बहुतेक भार पुढच्या दोन चाकांवर येतो, कारण ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे झुकते आणि ड्रम ब्रेक असलेली मागची चाके जवळजवळ हलकी होतात.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि आपल्या किनाऱ्यावर वर्षातले चार महिने हवा ओलीच असते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा असा निकष आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हाच निकष १५५ अंशांवर येतो. डॉट ३ मध्ये हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. मे महिन्यात भरलेले ऑइल पावसाळा काढून जानेवारीत ट्रॅकवर गेले, तर गावात जो ब्रेक चोख वाटत होता तो चौथ्या-पाचव्या फेरीत अचानक तळाला जाऊ शकतो, कारण कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) ऑइलची वाफ झालेली असते आणि वाफ दाबली जाते. म्हणून ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात सीलबंद डब्यातले ताजे डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. गेल्या वर्षीचा अर्धा उरलेला डबा वापरू नका. नाव सारखे वाटले तरी डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळेच ऑइल आहे, ते या यंत्रणेत चालत नाही.

ब्रेक कमी पडला तर तो कसा कमी पडला, हे पायाला कळले पाहिजे. पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, याचा अर्थ पॅडचे मटेरियल तापून घसरू लागले आहे. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर ऑइल उकळले आहे. पहिल्यावर उपाय जास्त तापमान सोसणारे पॅड, दुसऱ्यावर उपाय ताजे ऑइल. दोन्ही वेळी वेग कमी करा, एक पूर्ण फेरी हळू मारून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) या आणि गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करा. हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या ड्रमला लायनर चिकटतात.

पॅड आणि ऑइलनंतर चार चांगले टायर घ्या. त्यानंतर चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे), बॉल जॉइंट आणि शॉकअॅब्सॉर्बर बदला. खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या गाडीचे हे बोल्ट गंजून बसलेले असतात आणि घाईत तुटतात, म्हणून काम सुरू करण्याच्या दोन दिवस आधीपासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारायला सांगा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली जांभ्याची लाल धूळ मागच्या बाजूने पाणी सोडून काढा. इंजिन ऑइल नवे भरून पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा, कारण लांब वळणात ऑइल तळपात्राच्या एका कडेला सरकते आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढू लागतो. एवढे करून पैसे उरलेच, तर ते ट्रॅकच्या फीसाठी आणि शिकवणीसाठी ठेवा. आणखी एक लक्षात घ्या. याच गाडीने हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून घरी परत यायचे आहे, तेव्हा जुने चालू पॅड आणि हत्यारांची पिशवी डिकीत असू द्या.

प्रश्न : ट्रॅक फार दूर आहे. सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या) मोकळ्या रस्त्यावर किंवा पहाटे महामार्गावर सराव केला तर काय हरकत आहे? आणि केलेले बदल आरटीओला चालतात का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मोठी हरकत आहे. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी किंवा शर्यत करणे हा मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. शिवाय सड्यावरच्या रस्त्याला कठडा नसतो, गुरे कधीही आडवी येतात आणि आपल्या चुकीची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते. बदलांविषयी कलम ५२ लागू होते. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पॅड, ऑइल, बुश ही दुरुस्ती आहे, त्यात अडचण नाही. इंजिन बदलणे किंवा पत्रा कापणे ही वेगळी बाब आहे. विम्याच्या पॉलिसीतही शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर झालेले नुकसान स्वतःच्या खिशातून भरायचे आहे, हे आधीच मनाशी पक्के करा.

प्रश्न : मुलाला गाडीची मागची सीट काढून रोल केज (पोलादी नळ्यांचा पिंजरा) बसवायचा आहे. तीच गाडी आम्ही बाजारहाटाला आणि देवदर्शनाला वापरतो. सुरक्षेसाठी केज चांगलाच ना?
— एक पालक, मालवण

उत्तर : शर्यतीच्या गाडीत तो जीव वाचवतो, घरच्या गाडीत तो धोक्याचा आहे. केजची पोलादी नळी डोक्यापासून वीतभर अंतरावर असते. ट्रॅकवर चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस त्याला सीटला बांधून ठेवतो. बाजारातून येताना यातले काहीच नसते आणि साध्या धडकेतही डोके त्या नळीवर आपटू शकते. आपल्या चिरंजीवांचा उत्साह मोडू नका. त्यांना चांगले फुल फेस हेल्मेट घेऊन द्या, मूळ सीट आणि मूळ तीन बिंदूंचा पट्टा राहू द्या. वजन कमी करायचे असेल तर ट्रॅकवर पोहोचल्यावर स्टेपनी, जॅक, गालिचे आणि कप्प्यांतल्या सुट्या वस्तू उतरवून ठेवाव्यात. सुटी बाटली ब्रेक पेडलखाली गेली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : पहिल्या ट्रॅक डेनंतर माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड पार खरवडली गेली, मधला भाग मात्र नवा आहे. वळणात स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी बाहेरच जात होती. टायर खराब निघाले का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : टायरचा दोष दिसत नाही, ताई. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग हे सगळे पुढेच असते, म्हणून पुढचे टायर आधी हार मानतात. वळणात गाडी कलली की चाकही बाहेर कलते आणि सगळा भार कडेवर येतो. यावर इलाज म्हणजे चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकवणे, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर. कारखान्यातून तो शून्याच्या आसपास असतो. स्ट्रटच्या (चाकाला धरणाऱ्या शॉकअॅब्सॉर्बरच्या खांबाच्या) बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घालून साधारण एक ते दीड अंश मिळवता येतो. त्यानंतर टो (वरून पाहता चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) पुन्हा तपासून घ्यावाच लागतो, नाही तर महामार्गावरच टायर संपतील.

त्याआधी हवा तपासा. टायर १० अंशांनी तापला की दाब सुमारे दीड पीएसआय वाढतो. सकाळी थंड टायरमध्ये ३० असेल तर काही फेऱ्यांनंतर ३६ सहज दिसेल. दर सत्रानंतर टायर गरम असतानाच दाब मोजून वहीत लिहा. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढा. रेघ बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली जात असेल तर दाब कमी आहे, खांद्यावर जशीच्या तशी राहत असेल तर जास्त आहे. दोन-दोन पीएसआयने बदल करत जा. परतीच्या प्रवासाआधी हवा पुन्हा कंपनीच्या आकड्यावर आणायला विसरू नका.

आणि आपण वळणात शिरताना ब्रेक केव्हा सोडता, हेही पाहा. वेग जास्त असतानाच स्टिअरिंग फिरवले, तर पुढच्या टायरकडे वळायला पकड उरत नाही आणि आणखी फिरवल्याने कडच खरवडली जाते. अशा वेळी स्टिअरिंग किंचित सरळ करून अॅक्सिलरेटर हळूच सैल करा, पुढची चाके पुन्हा पकड घेतील. कॅम्बर बोल्टवर पैसे घालण्याआधी एक पूर्ण सत्र केवळ याच सवयीवर खर्च करा आणि कडेची झीज पुन्हा बघा.