वाचकांचे प्रश्न : गंजलेली पेट्रोलची टाकी

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक) : माझी 1967 ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार काही वर्षे शेडमध्ये झाकून होती. आता गाडी सुरू होते, पण गंगापूर रोडवर थोडे अंतर गेले की बंद पडते. कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये तपकिरी भुकटी सापडते. अंबडमधले एक वर्कशॉप टाकी हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुऊन, भोके निघाल्यास वेल्डिंग करून देतो म्हणते. करून घ्यावे का?

उत्तर : दोन्ही गोष्टी टाळा. हे ॲसिड गंजाबरोबर चांगला पत्राही खाते. वेल्डिंगमध्ये तर जिवाचा धोका आहे. टाकी कितीही धुतली तरी दुमडलेल्या सांध्यांत पेट्रोल मुरलेले असते. आच लागली की त्याची वाफ होते आणि स्फोट होतो.

काहीही ओतण्याआधी टाकी उतरवून तिची वरची बाजू तपासा. एमजीबीची टाकी डिकीच्या तळाला खालून लागून असते. मधल्या फटीत चाकांनी उडवलेला चिखल साचतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा बाहेरून सडतो. भुकटी आत दिसते म्हणून सगळे लक्ष आत जाते; टाकी मात्र बहुधा या वरच्या पत्र्यामुळेच निकामी होते. तारेच्या ब्रशने घासून स्क्रूड्रायव्हरचे टोक जोराने दाबा. पत्रा दबला किंवा आरपार गेला, तर सफाईवर पैसे घालू नका. या गाडीची नवी टाकी ब्रिटनमध्ये आजही मिळते, तीच मागवा.

पत्रा टणक लागला तर पुढचे काम घरी जमण्यासारखे आहे. टाकी उघड्यावर उतरवा, आधी बॅटरीची अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर काढा (1967 च्या बहुतेक एमजीबींत ती पॉझिटिव्ह असते). पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये काढा, गटारात ओतू नका. फ्लोट युनिटची (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाची) रिंग पितळी किंवा लाकडी तुकड्याने ठोकून फिरवा. लोखंडावर लोखंड आपटले की ठिणगी पडते. मग गरम पाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरीने टाकी दोन-तीनदा खळबळून घ्या. जुन्या पेट्रोलचा चिकट थर निघाला नाही, तर त्याखालच्या गंजापर्यंत पुढच्या पायरीतले सौम्य ॲसिड पोहोचतच नाही. सुटी खपली काढायला दोन-तीन फूट साखळी आत सोडून टाकी हलवा. नट-बोल्ट टाकले तर ते आतल्या आडव्या पत्र्यांमागे अडकतात, साखळी ओढून काढता येते.

आता किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरमागे 50 ग्रॅम घ्या. टाकी सुमारे 54 लिटरची, म्हणजे पावणेतीन किलो लागेल. पाणी कोमट असू द्या आणि टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्धवट भरली तर वरचा पत्रा कोरडा राहतो, आणि गंज तिथेच जास्त असतो. तोंड घट्ट बंद करू नका, आत वायू तयार होतो. बारा ते चोवीस तास ठेवा, अधूनमधून टॉर्चने बघत राहा. करडा धातू दिसला की लगेच उपसा. त्याहून जास्त ठेवले तर पत्रा झिजतो.

बहुतेकांचे काम बिघडते ते यानंतर. उघडा पडलेला पत्रा ओला राहिला तर काही मिनिटांत पुन्हा केशरी होतो. बादलीभर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून टाकी खळबळा, मग उकळत्या पाण्याने धुवा. पत्रा तापला की उरलेले पाणी स्वतःच सुकते. शेवटी कॉम्प्रेसरची कोरडी हवा मारा. नाशिकच्या श्रावणसरींत हे काम काढू नका, ऑक्टोबर हीटपर्यंत थांबा.

गळती तपासायला तोंडे बुजवा, साबणाचे पाणी लावा आणि सायकलच्या हातपंपाचे दोन-तीनच झटके द्या. जास्त दाबाने चपटी टाकी फुगते. सुईएवढे भोक असेल तर ते काम टाक्यांचाच धंदा करणाऱ्याला द्या.

प्रश्न (पंचवटी) : आतून इपॉक्सीचा लेप द्यावा का?

उत्तर : टाकी धड असेल तर नको. गंजावर किंवा ओलीवर दिलेला लेप पापुद्र्यांनी सुटतो आणि पेट्रोलच्या नळीत अडकतो. द्यायचाच असेल तर इथेनॉलला टिकणारा असल्याची खात्री करून घ्या. जुन्या प्रकारचे काही लेप ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमध्ये मऊ पडून विरघळतात. लेप द्यायचा नसेल, तर पत्रा पुन्हा गंजू नये म्हणून थोड्या पेट्रोलमध्ये 50 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल मिसळून टाकी सर्व बाजूंनी फिरवा.

ई-20 चा त्रास जुन्या रबरी नळ्यांनाही होतो, त्या फुगतात आणि तडकतात; त्यांच्या जागी व्हायटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) घाला. इथेनॉल हवेतली ओल शोषते. ओल मर्यादेबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात आणि गंज तिथून पुन्हा सुरू होतो. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर टाकी पूर्ण भरून ठेवा, आत हवा कमी राहील.

टाकी बसवताना वरच्या फटीत फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे जाड कापड) घालू नका, ते पाणी पिते. पाणी न शोषणाऱ्या निओप्रीन रबराच्या पट्ट्या वापरा. पंपापुढे पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिल्या दोन-तीन टाक्या संपेपर्यंत तो दर फेरीनंतर बघा. त्यात काळी-तपकिरी भुकटी येतच राहिली, तर टाकी पुन्हा उतरवावी लागेल.