घरात कधी भेदभाव केला नाही, तरी लेकीच्या मनात 'हे मुलांचं, हे मुलींचं' कुठून आलं?

तुम्ही लिहिलंय की घरातली कामं तुम्ही दोघंही करता, लेकीला गाड्या आणि बाहुल्या दोन्ही आणून दिल्यात, तरी साडेचार वर्षांची पोर परवा म्हणाली, "गाडी मुलांची असते, मला नको." हे तिला शिकवलं कोणी, असा तुमचा प्रश्न आहे. मी सोळा वर्षं बालवर्गात शिकवते आहे. दरवर्षी कुणी ना कुणी आई-बाबा मला हेच विचारतात, आणि विचारताना आपलंच काहीतरी चुकलंय असं त्यांना वाटत असतं. म्हणून आधीच सांगते, बहुतेक वेळा हे कुणीच शिकवलेलं नसतं. मूल ते स्वतः जुळवतं. जुळवायचं सामान मात्र आपल्याकडून जातं.

ते किती लवकर जायला लागतं, ते बघा. मराठीत 'बाळ रडलं' एवढंच म्हटलं की मुलगा की मुलगी हे सांगावं लागत नाही. १९७६ साली जॉन आणि सँड्रा काँड्री या संशोधकांनी असंच एक नऊ महिन्यांचं बाळ दोनशेहून अधिक जणांना व्हिडिओवर दाखवलं. डबीतून टुणकन बाहेर येणारं खेळणं बघून बाळ दचकतं आणि रडायला लागतं. 'हा मुलगा आहे' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांना ते रडणं रागाचं वाटलं, आणि 'ही मुलगी आहे' असं सांगितलेल्यांना भीतीचं. बाळ तेच, रडणंही तेच. आता घाबरलेल्या बाळाला आपण पटकन उचलून छातीशी धरतो, चिडलेल्या बाळाला तसं धरतोच असं नाही. 'ते'चा 'तो' किंवा 'ती' झाली की आपले हातही वेगळे चालायला लागतात. २००० सालच्या एका प्रयोगात अकरा महिन्यांच्या रांगत्या बाळांच्या आयांना विचारलं होतं, की तुमचं बाळ किती तीव्र उतार उतरू शकेल? मुलग्यांच्या आयांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला, मुलींच्या आयांचा कमी. बाळांना उतारावर सोडून पाहिलं तेव्हा मुलगे आणि मुली यांच्यात फरक नव्हता.

आता मुलाच्या बाजूने बघू. 'बसलं', 'हसलं' ऐकून ऐकून तुमची लेक कधीतरी 'मी करलं' म्हणाली असेल. घरात कुणीही 'करलं' म्हणत नाही. तो नियम तिने स्वतः काढला आणि दिसेल तिथे लावला. मुलगा-मुलगी या बाबतीतही अगदी हेच होतं. दोन-तीन वर्षांचं मूल स्वतःला 'मी मुलगी' किंवा 'मी मुलगा' म्हणायला लागतं आणि मग 'मुलगी म्हणजे काय काय?' याचे पुरावे गोळा करत सुटतं. पाच-सहा वर्षांच्या सुमारास हे नियम सगळ्यात कडक असतात, त्यानंतर बऱ्याच मुलांमध्ये सैल होतात. तेव्हा लेकीचं ते वाक्य ऐकून धसका घेऊ नका.

पण माणसांमध्ये फरक तर शंभर असतात. उंची, आवाज, केस, चष्मा. मग मूल नेमका हाच फरक का धरून बसतं? रिबेका बिगलर यांनी मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट घालायला देऊन हे तपासलं. काही वर्गांत शिक्षक त्या रंगांकडे लक्षच देत नव्हते, तिथे फारसं काही घडलं नाही. जिथे शिक्षक रंगांवरून गट पाडायचे, रांगा लावायचे, तिथल्या मुलांना काही आठवड्यांतच आपला रंग जास्त चांगला वाटायला लागला. एक रंग दुसऱ्यापेक्षा बरा, असं शिक्षकांनी कुठेही म्हटलं नव्हतं. २०१० मध्ये लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन यांनी बालवर्गात प्रत्यक्ष मुलगे-मुली असं करून पाहिलं. शिक्षकांनी दोन आठवडे नुसतं 'मुलांनो इकडे, मुलींनो तिकडे' केलं, तेवढ्यात 'मुलगे असे, मुली तशा' हे त्यांच्या मनातले ठोकताळे वाढले आणि मुलग्या-मुलींचं एकमेकांशी खेळणं कमी झालं.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गाचं दार आठवलं. दोन रांगा. "बघू या, आधी मुलं गप्प बसतात की मुली!" हे मी वर्षानुवर्षं दिवसातून चार-पाच वेळा म्हणत होते, आणि आपण भेदभाव करत नाही याची मला पक्की खात्री होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता रांग लावताना मी म्हणते, ज्यांच्या नावात 'र' आहे ते आधी. मुलं नावं तपासत बसतात आणि अक्षरंही शिकतात.

एकदा ठोकताळा बसला की आठवणसुद्धा त्याच्याच बाजूने झुकते. एका गोष्टीत मी मुद्दाम ट्रक चालवणारी बाई घातली होती. दुसऱ्या दिवशी एका मुलाने तीच गोष्ट वर्गाला सांगितली, छान हातवारे करून, आणि त्यात 'ते ट्रकवाले काका' होते. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच आठवत होतं. १९८३ साली कॅरल मार्टिन आणि चार्ल्स हॅल्व्हरसन यांना पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्ये हेच दिसलं होतं. रूढीला न जुळणारी चित्रं दाखवली, तर आठवड्याने आठवताना मुलं चित्रातल्या बाईचा पुरुष किंवा पुरुषाची बाई करून टाकत. म्हणूनच एखादं उलटं उदाहरण दाखवून भागत नाही. मोठी माणसं आठवण बदलत नाहीत, पण 'ती अपवाद आहे' म्हणून बाजूला ठेवतात. परिणाम तोच.

मुलांना हे पुरावे मिळतात कुठे, तर कोण काय काम करतं त्यावरून. १९९० साली हॉफमन आणि हर्स्ट यांनी लोकांना एका काल्पनिक ग्रहाबद्दल वाचायला दिलं. तिथल्या एका जमातीतले बहुतेक जण शहरात नोकरी करतात, दुसरीतले बहुतेक मुलं सांभाळतात. स्वभावांच्या वर्णनात दोन्हींत काहीच फरक ठेवला नव्हता. तरी वाचणाऱ्यांनी मुलं सांभाळणारे मायाळू आणि नोकरी करणारे धडाडीचे ठरवले. असं का असावं याचं कारण द्यायला सांगितलं, तेव्हा हा ठसा आणखी पक्का झाला. मला हा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काम दिसतं आणि आपण त्याचा स्वभाव करून टाकतो.

नैसर्गिक फरक काहीच नसतात का? काही असतात, उदाहरणार्थ शारीरिक आक्रमकतेत सरासरी फरक दिसतो. पण जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ मोठ्या आढाव्यांतले स्त्री-पुरुष मानसिक फरक एकत्र मांडले, तेव्हा त्यातले ७८ टक्के नगण्य किंवा लहान होते.

आता लेकीशी काय बोलायचं? 'मुलीसुद्धा मुलांइतक्याच छान गाडी चालवतात' असं म्हणायचा मोह होईल. नका म्हणू. त्या 'सुद्धा' आणि 'इतक्याच'मध्ये मोजपट्टी मुलांचीच राहते. २०१८ मध्ये चेस्टनट आणि मार्कमन यांनी दाखवलं, की 'मुली गणितात मुलांइतक्याच चांगल्या असतात' हे वाक्य वाचून मोठ्या माणसांनाही मुलांकडेच उपजत हुशारी जास्त आहे असं वाटतं. 'मुलं' आणि 'मुली' यांनी सुरू होणारी वाक्यं होता होईल तेवढी टाळा, माणसाचं नाव घ्या.

आणि ती पुन्हा म्हणाली, "गाडी मुलांची असते," तर वाद न घालता शांतपणे विचारा, "कोणाकोणाची गं?" मी वर्गात एका मुलीला असंच विचारलं होतं. तिने बराच वेळ विचार केला, बोटं मोजली आणि तीन नावं सांगितली. त्यातलं एक मुलीचं होतं.