बँड सांगतो २४०, ॲप सांगते शून्य

"मॅडम, माझं सकाळचं चालणं बँडमध्ये दिसतं, पण कॅलरीच्या ॲपमध्ये ते पोहोचतच नाही. मग रात्री मी भाकरी खाऊ की नको?" हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला गेल्या काही वर्षांत अनेकांनी विचारला आहे, आणि बहुतेकांनी तो संकोचाने, निघता निघता, दाराशी उभे राहून विचारला आहे. प्रश्नाचा पहिला भाग यंत्राचा, म्हणजे मनगटावर बांधून पावले आणि कॅलरी दाखवणाऱ्या बँडचा आहे आणि दुसरा मनाचा. परंतु विचारणाऱ्याला ते दोन भाग वेगळे दिसत नसतात, आणि समुपदेशकानेही ते घाईने वेगळे करू नयेत, असे माझे मत झाले आहे. त्यासाठी एक अनुभव सविस्तर सांगते. ज्यांचा हा अनुभव आहे त्यांची संमती मी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्यांचा उल्लेख केवळ 'ताई' असा केला आहे.

ताईंचे वय ४३, राहणे पुण्यात तळजाई टेकडीच्या जवळ आणि नोकरी हिशेब विभागात. वार्षिक तपासणीत त्यांचे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारे प्रमाण, ६.१ टक्के आले. हे प्रमाण ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असेल, तर मधुमेह झालेला नसला तरी त्याच्या उंबरठ्याशी आपण आलो आहोत असे मानले जाते. डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगितले, लेकीने वाढदिवसाला बँड दिला, कार्यालयातील मैत्रिणीने कॅलरी मोजण्याचे ॲप सुचवले आणि ताई रोज पहाटे तासभर टेकडीवर चालू लागल्या. त्यांनी वजन, उंची, वय भरल्यावर ॲपने दिवसाची मर्यादा ठरवून दिली १२०० कॅलरी. चालण्याच्या कॅलरी बँडकडून आल्या की त्या या मर्यादेत मिळवल्या जाणार होत्या. तासभराच्या चालण्याचे बँड साधारण २४० दाखवत असे. ज्वारीच्या एका भाकरीला ६० ग्रॅमच्या आसपास पीठ लागते आणि तिच्या सुमारे २०० कॅलरी होतात. म्हणजे चालणे ॲपमध्ये जमा झाले, तर रात्रीची भाकरी; न झाले, तर नुसती भाजी आणि ताक. ताईंनी हा नियम स्वतःच घालून घेतला होता आणि तो त्या काटेकोरपणे पाळत होत्या.

पहिल्या भेटीत त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढून माझ्यापुढे उघडून ठेवली. पानाच्या मधोमध पट्टीने ओढलेली रेघ, डावीकडे निळ्या शाईने बँडचा आकडा, उजवीकडे लाल शाईने ॲपचा आकडा आणि खाली फरक. जवळजवळ दोन महिन्यांची पाने अशी भरलेली होती, आणि उजवीकडच्या रकान्यात बहुतेक दिवशी शून्य होते. "आमच्याकडे ताळा जुळल्याशिवाय कुणी खुर्चीवरून उठत नाही. मला सवयच नाही असं सोडून द्यायची," असे त्या म्हणाल्या. मग हळूहळू बाकीचे समजत गेले. रात्री अकराच्या सुमारास, घरातले झोपल्यावर, चपला काढून त्या बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत अशा येरझारा घालत, दिवसाची १०,००० पावले भरेपर्यंत. दुपारी कार्यालयात हात थरथरत. सासूबाईंनी एकदा ताटाकडे पाहून विचारले, "अगं, भाकरी कुणी मोजून खातं का?", तेव्हा त्या ताटावरून उठून गेल्या होत्या.

येथे समुपदेशकाला एक मोह होतो. "ॲप काढून टाका, शरीराचे ऐका" असा सल्ला देण्याचा तो मोह आहे, आणि मीसुद्धा पूर्वी तो दिला आहे. ज्यांना दिला त्यांतील काही जण पुन्हा आले नाहीत, आणि त्यांचे बरोबर होते असे आज मला वाटते; कारण ते जी तक्रार घेऊन आले होते ती मी ऐकलीच नव्हती. ताईंच्या बाबतीत मी आधी खाण्याविषयीचे आवश्यक प्रश्न विचारले: चक्कर येते का, पाळी चुकली आहे का, खाल्ल्यावर ओकारी काढावीशी वाटते का, चोरून खाणे होते का, किती आठवड्यांत किती वजन उतरले. उत्तरे तातडीने मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे अशी नव्हती, परंतु वाट त्या दिशेने जाणारी नक्कीच होती. मधुमेहाच्या गोळ्या त्या घेत नव्हत्या, हेही विचारून घेतले. जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी ॲपच्या आकड्यासाठी जेवण टाळले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. एवढे झाल्यावर मी त्यांना फोन टेबलावर ठेवायला सांगितला आणि आम्ही दोघींनी मिळून ते 'न पोहोचणे' शोधायला घेतले.

बँडमधला आकडा कॅलरीच्या ॲपपर्यंत थेट जात नाही. बँड तो ब्लूटूथने स्वतःच्या कंपनीच्या ॲपला देतो, ते ॲप फोनमधील एका सामाईक कोठारात ठेवते आणि कॅलरीचे ॲप तो तिथून उचलते. अँड्रॉइडमध्ये या कोठाराचे नाव हेल्थ कनेक्ट आहे आणि अँड्रॉइड १४ पासून ते फोनमध्येच बसवलेले असते. आयफोनमध्ये हेच काम हेल्थ हे ॲप करते. या कोठाराला प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी परवानगी लागते: पावलांसाठी वेगळी, व्यायामासाठी वेगळी, खर्च झालेल्या कॅलरींसाठी वेगळी, शिवाय लिहिण्याची एक आणि वाचण्याची एक. ताईंच्या फोनवर बँडच्या ॲपला पावले लिहिण्याची मुभा होती, कॅलरी लिहिण्याची नव्हती. दुसरे कारण बॅटरीचे होते. बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे फोन बँडचे ॲप पार्श्वभूमीला बंद करून ठेवत असे, त्यामुळे ते स्वतःहून काहीच पाठवत नव्हते. अधूनमधून ताई रात्री ते उघडत, तेव्हा काही नोंदी पुढे सरकत आणि कधी मध्यरात्र उलटून गेलेली असे. बॅटरीच्या निर्बंधातून ते ॲप वगळले, परवानग्या दिल्या, आणि वीस मिनिटांत त्या दिवसाचे २४० ॲपमध्ये उमटले.

ताईंचा चेहरा उजळेल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. तिसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला: आता ॲपमध्ये चालण्याच्या सहाशेच्या वर कॅलरी जमा होत होत्या. बँडकडून काही येत नाही म्हणून त्या इतके दिवस 'चालणे, ६० मिनिटे' अशी नोंद अधूनमधून हाताने करत असत, ती त्यांनी सवयीने याही दिवशी केली होती. परवानग्या दिल्यापासून कॅलरीचे ॲप फोनमधील स्वतंत्र पाऊलमापकही वाचू लागले होते. आणि आता त्यात बँडची भर पडली. एकच चालणे तीन ठिकाणांहून तीनदा जमा होत होते. "मॅडम, शून्य होतं तेव्हा अन्याय वाटत होता, आता चोरी केल्यासारखं वाटतंय," असे त्या म्हणाल्या. त्या रात्रीही त्यांनी भाकरी खाल्ली नव्हती. उपाय सोपा होता: पावलांचा स्रोत म्हणून केवळ बँड निवडायचा, फोनचा पाऊलमापक बंद करायचा आणि हाताने नोंद करायची नाही. परंतु आकडा शून्य असो वा सहाशे, भाकरी खायची राहतेच, ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आली आणि खरे बोलणे तिथून सुरू झाले.

पुढच्या भेटीत आम्ही त्या २४० चेच काय ते पाहिले. ६८ किलो वजनाची व्यक्ती काही न करता नुसती बसली, तरी तासाला सुमारे ६८ कॅलरी खर्च होतात. बँडने दाखवलेल्या २४० मध्ये त्या धरलेल्या होत्या, आणि ॲपने दिवसाची मर्यादा काढताना त्या एकदा मोजल्याच होत्या. म्हणजे चालण्यामुळे जास्तीच्या खर्च झालेल्या कॅलरी १७० च्या आसपास. तोही अंदाज. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मनगटावरच्या सात यंत्रांची तपासणी केली, तेव्हा सातपैकी सहा यंत्रांनी हृदयाचे ठोके पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले; कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक यंत्राची सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत कमी अचूक यंत्राची ९३ टक्के. याचे कारण समजायला अवघड नाही. बँड हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालचा रक्तप्रवाह पाहतो, हाताची हालचाल मोजतो आणि वय, वजन, उंची यांवरून एक सूत्र चालवतो. कॅलरी तो मोजत नाही, त्या सूत्रातून काढतो. कणीक मळताना त्याला पावले दिसू शकतात आणि ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून चालताना खरी पावले निसटू शकतात.

खाण्याच्या बाजूलाही तेच. आम्ही ॲपमध्ये 'ज्वारीची भाकरी' शोधली, तर तीन वेगवेगळ्या आकड्यांच्या तीन नोंदी निघाल्या, आणि त्यांतील एकीतही भाकरी केवढी हे लिहिलेले नव्हते. फोडणीला एक चमचा तेल जास्त पडले की चाळीसेक कॅलरी वाढतात, आणि घरच्या भाजीत ते कुणी मोजून घालत नाही. मी ताईंना म्हटले, "तुमच्या कार्यालयात ताळा जुळतो, कारण दोन्ही बाजूंना खरोखर मोजलेले पैसे असतात. इथे दोन्ही बाजूंना अंदाज आहेत. तुम्ही अंदाजपत्रकाचा ताळा रोकडवहीसारखा लावायला बसला आहात." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी वही मिटली आणि विचारले, "मग दोन महिने मी काय जुळवत होते?" या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिले नाही. वडिलांना मधुमेहामुळे पाय गमवावा लागला, ही गोष्ट त्यांनी त्यानंतर सांगितली. अहवालातील ६.१ वाचल्यापासून त्यांना रोज भीती वाटत होती, आणि ती कुणाजवळ बोलण्यापेक्षा वहीत उतरवणे त्यांना सोपे गेले होते.

रात्रीच्या येरझारांमागे १०,००० चा आकडा होता, म्हणून त्याचाही उगम मी सांगितला. तो कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमधील एका घड्याळ कंपनीने कमरेला लावण्याचा पाऊलमापक बाजारात आणला, त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. ते नाव लोकांच्या तोंडी बसले आणि लक्ष्य होऊन राहिले. पहाटे टेकडी चढून आलेल्या बाईने झोप मोडून घरात आणखी दोन हजार पावले चालावीत, असे त्या आकड्यात काहीही नाही.

त्यानंतरचे काम संथ होते आणि ते मी एकटीने केलेले नाही. ॲपची १२०० ची मर्यादा आहारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत बाजूला ठेवली, कारण ताईंच्या शरीराला दिवसभर नुसते पडून राहण्यासाठीच १२९० च्या आसपास कॅलरी लागतात, असे त्यांच्या वय, उंची आणि वजनावरून निघत होते. त्यांनी १५०० च्या जवळपासचा आहार आखून दिला आणि तो चालणे झाले वा न झाले तरी बदलायचा नाही, असे ठरले. ॲपमधील व्यायामाच्या कॅलरी मर्यादेत मिळवण्याची सोय आम्ही बंद केली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत महत्त्वाचा बदल होता; त्यामुळे बँडचा आकडा ॲपमध्ये पोहोचला की नाही याचा ताटाशी संबंधच उरला नाही. वहीसुद्धा मी काढून घेतली नाही. फक्त रकाने बदलले: निळ्या शाईने जेवणाआधीची भूक, लाल शाईने रात्रीची झोप. बँडकडे रविवारी सकाळी एकदा पाहायचे, तेही आठवड्याच्या सरासरीकडे.

एका आठवड्यात मी त्यांना एक दिवस बँड घरी ठेवून टेकडीवर जायला सांगितले. पहिल्या वेळी त्या अर्ध्या वाटेवरून परत फिरल्या आणि बँड घेऊन पुन्हा गेल्या. "आजचं चालणं कुठे जमा झालं असतं?" असे त्यांनी मला विचारले, आणि ते विचारताना त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. आम्ही त्या दिवशी दुसरे काहीही बोललो नाही, फक्त त्या अर्ध्या वाटेवर मनात काय काय आले ते क्रमाने लिहिले. चौथ्या ओळीत वडील होते. पुढच्या आठवड्यात त्या बँडविना पूर्ण फेरी करून आल्या.

ज्यांना ही काळजी आहे त्यांच्या नातेवाइकांना एक सांगावेसे वाटते: "एवढ्याशा आकड्यासाठी काय डोकं खातेस" असे म्हणू नका. फोन हातात घेऊन परवानग्या आणि बॅटरीची सोय तपासायला बसा. त्या अर्ध्या तासात ती व्यक्ती स्वतःहून पुढचे सांगू लागते. जेवण टाळणे, चोरून व्यायाम करणे, आकड्यावरून रडू येणे हे दोन-तीन आठवड्यांहून अधिक चालले, किंवा चक्कर आणि वेगाने उतरणारे वजन दिसले, तर डॉक्टरांकडे आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवे. तोपर्यंत बोलायला कुणी हवे असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते.

ताईंचा मागच्या महिन्यात फोन आला होता. फोनची प्रणाली अद्ययावत झाल्यावर परवानग्या पुन्हा निघून गेल्या आणि सोमवारपासून ॲपमध्ये शून्य दिसत होते. ते त्यांच्या लक्षात गुरुवारी आले आणि त्यांनी ते शनिवारी दुरुस्त केले. मधल्या पाचही रात्री भाकरी खाल्ली होती, हे त्यांनी मी न विचारताच सांगितले.